मुरारला ठेवलेले बूट

यंदा जूनच्या अखेरीस, एका सकाळी, माझ्या थोरल्या बहिणीचे बूट आमच्याच शहरात, मुरार भागात, काकांच्या घरी नेऊन ठेवण्यात आले. ती स्वतः त्यानंतर काही दिवसांनी निघणार होती.

ताई बँकेतून स्वेच्छानिवृत्ती घेतलेली. शिंदे की छावनीत ती, मी आणि आई एकत्र राहतो. लडाखमधल्या सहा हजार मीटरच्या वरच्या एका शिखरावर गाइडबरोबर चढाई करायची, हे तिने दोन वर्षांपूर्वी ठरवले होते. पहिले वर्ष आईच्या गुडघ्याच्या ऑपरेशनमध्ये गेले. दिवाळीनंतर तिला साठ वर्षे पूर्ण होणार होती आणि मोहीम नेणारी कंपनी साठीपुढच्यांना घेत नाही. म्हणजे जे काही व्हायचे ते याच मोसमात.

निघण्याचा दिवस अमावास्येला आला. आईने पंचांग पाहिले आणि प्रस्थान ठेवायला सांगितले. आमच्याकडे ही जुनी पद्धत आहे. घराणे दरबारी पौरोहित्याचे. प्रवासाचा हुकूम मुहूर्त पाहून येत नसे. मग चांगल्या दिवशी सामानातली एखादी वस्तू वाटेवरच्या दुसऱ्या घरी ठेवायची आणि जाताना तिथून उचलायची. प्रवास त्या चांगल्या दिवशीच सुरू झाला असे धरतात. एकदा ठेवलेली वस्तू मात्र उंबऱ्याच्या आत परत आणायची नाही. आणली तर जाणे मोडते.

उत्तरेला आमचे कोणी नातेवाईक नाहीत. मुरार साधारण पूर्वेला. तेवढे चालते, असे आईने ठरवले. ज्याच्यावाचून जाणे होणार नाही ते ठेव, असे ती म्हणाली. सुपारी, हळकुंड आणि अक्षता रुमालात बांधून ताईने त्या बुटांच्या पिशवीत घातल्या. बर्फावरचे बूट तिकडे भाड्याने मिळतात. खालपासून चालायचे बूट स्वतःचे लागतात. हे दिल्लीहून मागवलेले, घोट्याच्या वर येणारे, तिच्या आखूड आणि रुंद पावलाला बसणारा तेवढा एकच जोड मिळालेला. तो उशिरा आला होता आणि तिने तो दोनदाच पायात घातला होता.

निघण्याच्या आदल्या दिवशी कंपनीचा निरोप आला. दरड कोसळून रस्ता बंद झाला होता. नवी तारीख राखीपौर्णिमेनंतरची.

पुढचे आठवडे तेच ते पुन्हा करण्यात गेले. डॉक्टरांचा दाखला जुना झाला, म्हणून ताई पुन्हा ट्रेडमिलवर धावून आली. विमा बदलला. तिकिटे बदलली. आईजवळ दिवसा बसणाऱ्या बाई जुलैपुरत्याच ठरल्या होत्या, दुसऱ्या शोधल्या. रोज पहाटे पाठीवर तांदळाची पिशवी घेऊन ताई शहरातल्या किल्ल्याचा उरवाई दरवाजाकडचा चढ चढत होती, जुन्या कॅनव्हासच्या बुटांत. हवा दमट होती. घरी आली की पंख्याखाली बसून राहायची.

जुलैच्या शेवटी गाइडने व्हिडिओ कॉलवर प्रत्येकाचे सामान पाहिले. बूट मुरारला असल्यामुळे ताईने तो कॉल काकांच्या बैठकीतून घेतला. गाइडने तळवे कॅमेऱ्यासमोर धरायला सांगितले.

"दीदी, ये तो अभी दुकान से निकले हैं," तो म्हणाला.

रुळले नसलेले बूट घेऊन तो कोणाला वर नेत नव्हता. पुढच्या कॉलला हेच दिसले तर तिची जागा प्रतीक्षेतल्या दुसऱ्या माणसाला जाणार होती.

मी म्हटले, बूट घरी आणू. तारीखच बदलली आहे. ताईने नकार दिला.

"मी मानत नाही, तुला ठाऊक आहे," ती म्हणाली. "पण मी वर असताना आई इथे रात्रभर जागी राहील. ती मानते."

आईला विचारले. तिने पुन्हा पंचांग उघडून पाहिले. मग म्हणाली, "बूट तिकडून निघून तिकडेच परत जाऊ देत. आपल्या घरी नकोत."

त्यानंतर ताई रोज पहाटे अंधारात शेअर टेम्पोने मुरारला जाऊ लागली. तिथे बूट घालायचे, हजीऱ्याच्या वस्तीकडून किल्ल्याचा पूर्वेचा पायी चढ चढायचा, परत मुरारला येऊन बूट काढायचे आणि चपलेवर घरी यायचे. काका दार उघडायला उठत. "रिटायर झाली तरी बँक सुटत नाही हिची," ते म्हणत. "माझ्याकडे बुटांची एफडी केली आणि रोज व्याज न्यायला येते."

टाचांना फोड आले, फुटले, पुन्हा आले. येण्याजाण्यात सकाळ जायची आणि दुपारी ती आईला जेवण वाढता वाढता पेंगायची. दुसऱ्या आठवड्यात आईनेच सांगितले की तिने मुरारलाच राहावे. आणि एकदा राहायला गेली की तिनेही आता परत येऊ नये, तिकडूनच निघावे.

एकाच शहरात दोघी फोनवर बोलू लागल्या. आईच्या डोळ्यांत औषध घालायची आठवण ताई मला तिकडून करायची. राखी बांधून घ्यायला मी मुरारला गेलो. आई आली नाही. गुडघे दुखतात, असे तिने सांगितले.

पुढच्या कॉलवर गाइडने तळवे पाहिले, बूट वाकवून दाखवायला लावले आणि टाचाही पाहिल्या. फोड सुकून तिथे घट्टे पडले होते. तो म्हणाला, "चलेगा." मग दुसऱ्याचे सामान बघू लागला.

ती निघाली त्या दिवशी काकांनी तिला मुरारहून थेट स्टेशनवर आणले. आईला मी चाकांच्या खुर्चीवरून फलाटावर नेले. तिने डब्यातले दही ताईच्या हातावर घातले. गाडी उशिरा आली.

लेहला डॉक्टरांनी सगळ्यांचा रक्तातला ऑक्सिजन तपासला. ताईला पुढे जाऊ दिले. संध्याकाळी तिचा फोन आला. आईने विचारले, बूट कुठे आहेत? पायात आहेत, असे ताईने सांगितले. अक्षतांची पुरचुंडी सॅकच्या वरच्या खणात होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी कंपनीचा निरोप आला. गट चालू लागला होता, सगळे जण बरोबर होते, आणि त्यापुढे रेंज नव्हती.