फुंकू नका, नुसता श्वास घ्या!

दिवसभर ओरडायची नोकरी असली की किस्से गोळा करावे लागत नाहीत. आपोआप साठतात!

मी जळगावात छातीच्या डॉक्टरांकडे टेक्निशियन आहे. दम्याच्या पेशंटला नळीत फुंकायला लावणं हे माझं काम. छाती भरून श्वास घ्यायचा आणि सगळा जोर लावून सोडत राहायचं. लोक मधेच थांबतात, म्हणून मी ओरडते, "सोडा, सोडा, सोडा! थांबू नका!"

एकदा भुसावळच्या एका रिटायर्ड भाऊंना हाक मारली, तर ते बाकावरून उठेचनात. धापा टाकत म्हणाले, "मॅडम, तुमच्या आवाजावर माझं फुंकून बाहेरच झालं!"

लेकीच्या वाढदिवसाला केक आला. ती मेणबत्त्यांवर वाकली आणि माझ्या तोंडून निघालं, "सोडा, सोडा, अजून सोडा!" मेणबत्त्या विझल्याच, पण शेजारच्या काकूंच्या हातून वेफर्सची प्लेट पडली!

मग आमच्या डॉक्टर सरांनी दुसरं मशीन आणलं. ज्यांना जोर लावणं जमतच नाही, त्यांच्यासाठी. नाकाला चिमटा, तोंडात नळी, आणि अर्धा मिनिट नेहमीसारखा श्वास. बस्स! मशीन हवेच्या बारीक लहरी आत सोडतं आणि श्वासनळ्या किती आवळल्यात ते सांगतं. फक्त गाल फुगू नयेत म्हणून कुणीतरी ते तळव्यांनी धरायचे.

सावद्याचे नाना, केळीवाले, वय पंच्याहत्तर. "झालं, नाना," मी म्हटलं.

"काय झालं? मले तं काहीच करायला नाही लावलं!"

"करायचंच नसतं यात."

"एवढ्या लांबून आलो, जरा तं फुंकू द्या!"

शेवटी एक रिकामी नळी हातात दिली. फुंकून, खोकून, डोळे पुसत म्हणाले, "आता कसं, तपासल्यासारखं वाटलं!"

महिन्यातून एकदा आम्ही मशीन घेऊन धुळ्याला जातो. तिथे देवपूरच्या एक अक्का सुनेला घेऊन आल्या. अक्कांचे हात थरथरतात, मी मशीनवर. म्हणून सुनेला सांगितलं, सासूबाईंचे गाल धरा. तीनदा अर्धा-अर्धा मिनिट अक्का गप्प! चिमटा निघाल्याबरोबर मला म्हणाल्या, "पुढला टाइमले मी तिना गाल धरसू!"

सून हळूच माझ्याजवळ आली. "ताई, अजून एकदा नाही का करायची टेस्ट?"

चार वर्षांच्या आरोहीने आधी नळी चावली. मग मी तिच्या बाहुलीच्या नाकाला चिमटा लावला, आणि बाई लगेच तयार झाल्या. औषधाचा पंप द्यायच्या आधी एकदा आणि नंतर एकदा तपासलं, आकड्यांत फरक स्पष्ट! तिची आई रडायलाच लागली. "लहान आहे, तपासता येणार नाही, असंच सगळीकडे ऐकत होतो हो!"

आरोही मात्र हात पुढे करून उभी. "बाहुलीचा रिपोर्ट?" सरांनी गंभीर चेहऱ्याने कागदावर लिहिलं, 'बाहुली ठणठणीत', आणि खाली सही केली.

आणि चोपड्याकडच्या वैशालीताई. जोरात सोडा म्हटलं की त्यांना खोकल्याची उबळ यायची, टेस्ट अर्धवट राहायची. तीन वेळा झालं. तिन्ही वेळा रिपोर्टवर 'पेशंटचं सहकार्य नाही' असं मीच लिहिलं. नवरा म्हणायचा, "बघा, इथेही नाटक! शेतात निघायचं म्हटलं की हिला दम लागतो." त्या मान खाली घालून बसायच्या.

चौथ्यांदा नवीन मशीनवर बसवलं. शांत श्वास, खोकला नाही. पंपाआधीचा आकडा बघून सरांनी खुर्ची पुढे ओढली. पंपानंतर तो बराच खाली आला, म्हणजे आवळलेल्या नळ्या मोकळ्या झाल्या. सरांनी नवऱ्याला स्क्रीनसमोर उभं केलं. "हे नाटक नाही. हा दमा आहे. आणि तो औषधाने आटोक्यात येईल."

माझ्याच्याने राहवलं नाही. म्हटलं, "ताई, ते सहकार्याचं मी लिहिलं होतं. चुकलंच माझं." त्यांनी माझा हात तेवढा दाबला.

तीन महिन्यांनी आल्या. आमचा दवाखाना तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट बंद. काउंटरशी येऊन त्यांनी फाईल ठेवली. चेहरा एकदम फ्रेश!

मी विचारलं, "आज एकट्याच?"

"नाही हो, हे आहेत की," त्या म्हणाल्या. "दुसऱ्या मजल्यावर बसलेत."