गुरुजींच्या गाडीचे पांढरे दिवे

ते प्रकरण अजून डोक्यातून जात नाही. जावं अशी माझी फार इच्छा आहे. नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले, विहिरीतून प्रेतं काढली, त्यातलं काहीही आता झोपेच्या आड येत नाही. हे साधं अपघाताचं प्रकरण मात्र येतं. नावं कोणाचीच देणार नाही. त्यातली माणसं अजून त्याच रस्त्यानं ये-जा करतात, आणि कधीमधी मीही करतो.

मी तेव्हा दारव्हा-दिग्रस पट्ट्यातल्या एका ठाण्याचा ठाणेदार होतो. निवृत्ती जवळ आली होती, गुडघे बोलायला लागले होते. ठाण्यात माणसं अपुरी, त्यातली निम्मी कायम बंदोबस्तावर. अशा दिवसांत ठाणेदाराला एकच गोष्ट हवी असते, प्रकरण लवकर उरकावं. हे मी बचावासाठी सांगत नाही. कसं घडलं ते कळावं म्हणून सांगतोय.

बाजाराचा दिवस होता. दिवेलागणीला ग्रामीण रुग्णालयातून फोन आला की अपघातातला जखमी आलाय, बेशुद्ध आहे, यवतमाळला हलवतोय. जखमी माणूस कापसाच्या जिनिंगमधला हमाल. सायकलवर चाऱ्याचा भारा लादून, सायकल हातानं ढकलत घरी चालला होता. त्याला रुग्णालयात आणलं एका काळी-पिवळी जीपच्या ड्रायव्हरनं. बाजाराच्या सवाऱ्या सोडून तो रिकामी जीप घेऊन परत येत होता. धडक कोणी दिली, ते पाहणारं कोणी नव्हतं.

मी रुग्णालयात पोचलो तेव्हा हमालाच्या गावचे तीस-चाळीस लोक जीपला गराडा घालून उभे होते. एकाच्या हातात रॉकेलची बाटली होती. ड्रायव्हर भिंतीला टेकून उभा, शर्टभर रक्त. मी त्याला आणि जीपला ठाण्यात आणलं. त्या घडीला ते बरोबरच होतं. पुढचं चुकलं.

जबाब घ्यायला बसलो.

"समोरून गाडी आली जी," तो म्हणाला. "एवढा लाइट, एवढा लाइट का डोये फुटतात का काय असं वाटलं. म्या डिपर मागितला. मंग सारं काळंच झालं. ब्रेक दाबून उभा राह्यलो. उतरून पाह्यतो तर हा माणूस पडून हाय, वर भारा."

"गाडी कोणती होती?"

"काय दिसते जी त्या लाइटात?"

"आणि काळं झालं म्हणजे काय? लाइट होता की अंधार होता? काहीतरी एक सांग."

"दोन्ही होतं."

त्याच रात्री रस्त्याकडेच्या एका बाईचा जबाब आला. शेळ्या घेऊन ती तुरीच्या धुऱ्यानं, म्हणजे बांधावरून, घरी चालली होती. आवाज ऐकून तिनं मागं वळून पाहिलं होतं, पण शेळ्या बिथरल्या म्हणून लगेच त्यांच्यामागं धावली होती. ती म्हणाली, "गाडीले लाइटच नव्हता बाप्पा. काळोखातूनच धाडकन आवाज आला, अन् काळोखातच गाडी गेली." जीप होती की दुसरं काही, हे तिला सांगता येईना. "अंधारात काय दिसते साहेब," तिचंही उत्तर तेच.

आता माझ्यापुढं काय होतं? ड्रायव्हर म्हणतो डोळे दिपवणारा लाइट, बाई म्हणते लाइटच नाही. बाईला खोटं बोलायचं कारण नाही. आणि जीपचा एक दिवा बंद, दुसरा मिणमिणता. समोरच्या बाजूला जुना पोचा. मागच्या सीटवर रक्त. मी दोन आणि दोन चार केले. ठाणे अंमलदार हवालदार जुना, शहाणा माणूस. तो हळूच म्हणाला, "साहेब, रक्त मागच्या सीटवर आहे, पुढं बंपरला एक थेंब नाही." मी म्हणालो, "पुसलं असेल." तो परत डायरी लिहायला वळला.

मग मी ड्रायव्हरला एक ठेवून दिली. लिहायला लाज वाटते, पण नाही लिहिलं तर बाकीचं लिहिण्यात काही अर्थ नाही. तो ओरडला नाही, रडला नाही. फक्त म्हणाला, "साहेब, म्याच तर त्याले आणलं." मी त्याला उत्तर दिलं, "जीव घेणारेच कधी कधी दवाखान्यात आणतात. घाबरून." असं होतंही. मी दोनदा पाहिलं होतं. अनुभव असा कामाला येतो, आणि असाच गोत्यातही आणतो.

अटक दाखवली नाही. "चौकशीकामी बसवून ठेवलं" ही आमच्याकडची जुनी सोय. त्याच्या जिवाला बाहेर धोका होता, हे कारणही खोटं नव्हतं. पण यवतमाळहून रोज निरोप येत होता की हमाल अजून शुद्धीवर नाही. तो गेला असता तर मृत्यूचा गुन्हा या माणसावर लागला असता, परवाना गेला असता, जीप गेली असती, आणि गावात तोंड दाखवायला जागा उरली नसती. हे त्यालाही कळत होतं. बाकावर बसल्या बसल्या तो दर येणाऱ्या शिपायाला विचारायचा, "तो हमाल कसा हाय जी?" आम्हाला वाटायचं, स्वतःच्या भीतीपोटी विचारतोय.

दुसऱ्या दिवशी त्याची बायको डबा घेऊन आली. माझ्या टेबलासमोर उभी राहून तिनं सरळ विचारलं, "थांबले म्हणून बसवून ठेवलं ना? पयून गेले असते तर आज घरी जेवत असते. सांगा ना साहेब, खोटं हाय का?" मी तिला बाहेर बसायला सांगितलं.

तिसऱ्या दिवशी सकाळी खबर आली, आणि ती खबऱ्याकडून आली नाही. गावात गाड्यांच्या वायरिंगचे एक मिस्त्री होते, साठीचे, मुसलमान. ठाण्याच्या गाडीचा सेल्फ, हॉर्न, सगळं तेच बघायचे. दुकानाचं शटर ओढून ते चालत ठाण्यात आले आणि उभ्यानंच बोलले.

"साहब, बाई बी सच्ची अन् जीपवाला बी सच्चा."

"म्हणजे?"

"ते लाइट म्याच बसवले."

मी त्यांना खुर्ची दिली. मिस्त्री सांगायला लागले. जुन्या गाडीच्या बल्बमध्ये दोन तारा असतात, एक अप्परची म्हणजे लांब झोताची, एक डिपरची म्हणजे खाली झुकलेल्या झोताची. आजकाल लोक पांढरे झेनॉन लाइट मागवतात आणि जुन्या गाडीत बसवून मागतात. त्या सेटमध्ये नळी एकच. ती अप्परवर जोडावी नाहीतर डिपरवर. दोन्ही करणारा सेट येतो, पण फार जुन्या गाडीच्या दिव्याच्या डोममध्ये तो बसत नाही.

"म्या अप्परवर जोडली. आता डिपर मारला का लाइट पुरा बंद. परत अप्पर केला का एकदम नाही येत, साहब. आधी जांभळा होते, मग हळूहळू पांढरा. दोन-चार सेकंद जातात."

"आणि त्या दोन-चार सेकंदात?"

"अंधार." मिस्त्रींनी टोपी काढून मांडीवर ठेवली. "चार गाड्यांत बसवले. तिघं तर कोणालेच डिपर देत नाहीत, त्यांचं सोडा. चौथी गाडी गुरुजीची. गुरुजीले म्या सांगितलं होतं, डिपर मारू नका. बरं म्हणले. पन साहब, तो आदमी चाळीस साल झाले गाडी चालवते, समोरून कोणी आलं का हात आपोआप जाते."

मी जबाबांचे कागद पुढं ओढले. दोन साक्षीदार, दोन्ही खरे, आणि मी त्यातल्या एकाला खोटं ठरवण्यात तीन दिवस घालवले होते. जीपवाल्यानं तर पहिल्याच जबाबात सांगितलं होतं की दोन्ही होतं. कागदावर माझ्याच अक्षरात लिहिलेलं होतं.

"तुमच्यावरही येईल हे, मिस्त्री," मी म्हणालो.

"येऊ द्या. जीपवाल्याची बायको काल दुकानापुढून रडत गेली."

गुरुजी म्हणजे आमच्या भागातले निवृत्त मुख्याध्यापक. अर्ध्या तालुक्याला त्यांनी पाढे शिकवलेले. मी हवालदाराला आणि दोन पंचांना घेऊन गेलो. गाडी घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये, आच्छादन घालून उभी. आच्छादन काढलं. डावा आरसा गायब, डाव्या मडगार्डला पोचा, आणि पोच्याच्या फटीत वाळक्या चाऱ्याची दोन पाती अडकलेली.

"रानडुक्कर होतं," गुरुजी म्हणाले. आवाज मात्र वर्गातला राहिला नव्हता.

"थांबून पाहिलं का, गुरुजी?"

"नाही."

"काहून?"

ते आच्छादनाची घडी घालू लागले. मी शेडचं दार लोटून घेतलं. आत बऱ्यापैकी अंधार झाला. म्हटलं, "गाडीत बसा. दिवे लावा. आता समोरून जीप आली असं समजा, आणि रोज करता तसं करा."

दिवे लागले. पत्र्याच्या भिंतीवर पांढरा झोत पडला, हवालदारानं डोळ्यांवर हात घेतला. मग गुरुजींचा हात सवयीनं हलला आणि सगळं मिट्ट झालं. खट आवाज आला, हात परत गेला. जांभळट काहीतरी थरथरलं, वाढत वाढत पांढरं झालं. मी मनातल्या मनात मोजत होतो. चार.

गुरुजी स्टिअरिंगला धरून तसेच बसले. मग म्हणाले, "म्हणजे दिवे गेले होते?"

"हो."

"मला वाटलं माझे डोळे गेले."

तेव्हा सगळं उलगडलं. त्यांना मोतीबिंदू होता. संध्याकाळी कमी दिसायचं. मुलांना कळलं तर ती गाडीची किल्ली काढून घेतील, म्हणून कोणाला सांगितलं नव्हतं. त्यावर उपाय म्हणून हे दिवे बसवले होते. त्या दिवशी समोरच्यानं डिपर मागितला, यांनी शहाण्यासारखा दिला, आणि डोळ्यांपुढं एकदम काळं झालं. त्याच काळोखात धक्का बसला. डोळे गेले या भीतीनं त्यांना बाकी काही सुचलं नाही. दिवा परत आला तसे ते हळूहळू घरी आले आणि बायकोला म्हणाले, डुक्कर आडवं आलं.

"मी तर समोरच्याला त्रास नको म्हणून डिपर दिला हो," ते पुन्हा पुन्हा म्हणत राहिले. खरंच होतं ते. आमच्या रस्त्यावर बहुतेक जण डिपर देत नाहीत, शिव्या खातात आणि सुखरूप घरी जातात. ज्यानं दिला त्याच्या हातून माणूस चिरडला गेला. त्यांच्याकडे बघून मला रागही येईना. म्हातारपणी माणूस काय काय लपवतो, हे मी घरच्या घरी पाहत होतो.

पंचनामा केला, आरटीओच्या निरीक्षकाकडून गाडी तपासून घेतली, गुरुजींवर गुन्हा दाखल केला. मिस्त्रींचा जबाब साक्षीदार म्हणून घेतला. गुरुजींनी कोर्टात काहीही नाकारलं नाही. हमाल वाचला, पण पाय गेल्यासारखाच. जिनिंगचं काम सुटलं. शुद्धीवर आल्यावर त्याला एवढंच आठवत होतं की कोणीतरी कानाशी म्हणत होतं, "धीर धर भाऊ, आलाच दवाखाना."

जीपवाल्याला गुरुजींची गाडी पाहिली त्याच दुपारी सोडलं होतं. किल्ली दिली. चुकलं माझं, एवढे दोन शब्द बोलायचे होते. ठाण्यात चार शिपाई उभे होते, पुढच्या टेबलावर कोणी तक्रारदार बसला होता. मी म्हणालो, "झालं तुझं काम. जा आता." त्यानं फक्त विचारलं, "सही कुठी करू?" केली आणि गेला.

पुढच्या उन्हाळ्यात, ऐन दुपारी, त्याच रस्त्यावर एक मोटरसायकलवाला घसरून पडला. बराच वेळ तो कडेला पडून होता. शेवटी एका ट्रॅक्टरवाल्यानं उचललं, पण रुग्णालयाच्या दारातच तो गेला. संध्याकाळी मी कागद बघत बसलो होतो, तर जीपवाला समोर येऊन उभा. मी त्याला बोलावलं नव्हतं.

"दुपारचा तो माणूस म्या पाह्यला होता साहेब."

"मग?"

"हात हालवत होता. माहा पाय ब्रेकवर गेलता. मंग ते सारं आठवलं, अन् काढली गाडी." तो टेबलाकडं बघत होता. "चार सवाऱ्या होत्या मांगं. त्याही काही बोलल्या नाहीत."

"मला कशाला सांगतोस हे?"

"दुसऱ्या कोणाले सांगू जी? लिहून घ्या काय लिहायचं ते."

मी पेन उचललं आणि ठेवलं. न थांबण्याला कोणतं कलम लावू? आणि लावायचंच तर ते त्याला लावू का? मी त्याला बसायला सांगितलं, तो बसला नाही.

"म्या थांबलो असतो, तर या बारीनं तुमी मले सोडलं असतं का?"

"सोडलं असतं."

त्यानं माझ्याकडं पाहिलं. विश्वास नव्हता, आणि असावा असं मी काही केलंही नव्हतं. "येतो जी," म्हणाला आणि गेला.

नवीन पोरं कधी विचारतात, साहेब, एवढ्या नोकरीत काय शिकलात? मी सांगतो, दोन जबाब जुळले नाहीत तर आधी स्वतःच्या डोक्याची झडती घ्या. आणि जखमीला घेऊन जो येतो त्याला पाणी द्या, पत्ता लिहून घ्या, घरी जाऊ द्या. कायद्यात तसं लिहिलेलंही आहे, मला ते पाठ होतं. पोरं मान डोलावतात. मीही त्यांच्या वयात डोलावत असे.

मोटरसायकलवाल्याची नोंद अपघाती मृत्यू अशी आहे. तपास मीच केला आणि फाइलही मीच बंद केली.