सुकेळ्याचा तुकडा

खरं सांगते, मी भित्री बाई आहे. वॉर्डात वीस वर्षं काढली, पण तिथे पाठीशी डॉक्टर असायचा. नालासोपाऱ्याच्या शाळेत नर्स म्हणून लागले आणि कळलं, इथे हाक मारायला कोणी नाही. त्यात चौथीत एक पोरगी व्हीलचेअरवर. बोलता येत नाही, गिळायला त्रास. घास चुकून श्वासनळीत गेला तर जिवावरच बेतायचं. तिच्या आईने हे पहिल्याच दिवशी सांगितलं, आणि तेव्हापासून मधली सुट्टी झाली की माझे कान तिच्या वर्गाकडे लागायचे.

म्हणून शाळेतल्या नर्सेससाठी विरारला तीन दिवसांचं ट्रेनिंग निघालं, तेव्हा सगळ्यांत आधी मी नाव दिलं. शिकवणाऱ्या बाई भलत्याच कडक. त्यांनी मलाच खुर्चीत पट्ट्याने बांधलं, मान मागे टाकायला लावली आणि शेजारणीला म्हणाल्या, आता हिला लापशी भरवा. दुसऱ्याच चमच्याला मी घाबरून तिचा हात झटकला. अहो, गिळताच येईना! मग कळलं, मान किंचित पुढे हवी, पहिला घास खाली उतरल्याशिवाय दुसरा नाही. अडकलंच तर पट्टा सोडून पुढे वाकवायचं आणि दोन्ही खांद्यांच्या मधोमध तळहाताने जोरात मारायचं. घास मऊ हवा, पण चिकट नको, हेही त्यांनी सांगितलं होतं. मी वहीत लिहूनही घेतलं.

परत आल्यावर शाळेतल्यांना शिकवायचं काम माझं. मावशींना, म्हणजे आमच्या शिपाईबाईंना, मी पाच मिनिटांत सांगून मोकळी झाले: मान पुढे, घास बारीक, आणि मऊ असेल ते काहीही चालेल. चिकटाचं राहूनच गेलं.

मावशींचं माहेर जवळच्या गास गावचं, केळीच्या वाडीवाले लोक. तिथून सुकेळी आली की शाळेत वाटल्याशिवाय त्यांना चैन पडायचं नाही. पिकली केळी वाळवून केलेली, गोड, बोटाने दाबली तर दबतील इतकी मऊ, पण बोटाला चिकटून राहणारी. या पोरीलाच का वगळायचं, म्हणून त्यांनी बारीक तुकडा करून, मान नीट धरून, अगदी मी सांगितल्यासारखा भरवला.

मी ओरडणं ऐकलं ते मावशींचं. पोरीचा आवाजच नव्हता. ओठ निळे पडत होते आणि डोळे माझ्यावर लागलेले. आई गं, तो पट्टा! माझ्या बोटांना सुटेचना. सुटला एकदाचा. तिला पुढे वाकवलं, मारलं. एक, दोन, तीन. काही नाही. चौथ्यांदा हात उचलताना वाटलं, मीच हिला मारून टाकतेय. तेवढ्यात तुकडा बाहेर पडला आणि पोरगी रडली. मी तिथेच फरशीवर बसले.

डॉक्टरांनी तपासून छाती साफ असल्याचं सांगितलं. शाळेत मात्र सगळ्यांनी मावशींनाच धारेवर धरलं, आणि मी, सांगायला लाज वाटते, दोन दिवस गप्प राहिले. नोकरी जाईल ही भीती. तिसऱ्या दिवशी पोरीची आई डबा घेऊन आली, तेव्हा मला राहवेना.

म्हटलं, "ताई, मावशींनी मी सांगितलं तेच केलं. सांगण्यात चूक माझी झाली."

ती पोरीच्या खुर्चीपाशी गेली. मला वाटलं, आता ही पोरीचं नाव शाळेतून काढून घेणार. मग तिने डबा टेबलावर ठेवला आणि पोरीला विचारलं, "कोणी भरवायचं?"

पोरगी नजरेनेच उत्तर देते. तिने माझ्याकडे पाहिलंच नाही. दाराशी उभ्या असलेल्या मावशींकडे पाहिलं. मावशी नाही नाही करत मागे सरायला लागल्या. मी त्यांना हाताला धरून आणलं, खुर्चीसमोर बसवलं आणि त्यांचं मनगट धरून ठेवलं. चमचा आम्ही दोघींनी मिळून उचलला. पोरीने आ केला.