सिद्धप्पा मिस्त्रीची कबुली

मोटारीच्या विजेचं काही दुखणं निघालं की सोलापुरात लोक सिद्धप्पा मिस्त्रीचं नाव घेत. सगळ्यांत जास्त वेळा ते नाव घेई तो स्वतः सिद्धप्पाच. माणूस कामाला सोन्यासारखा, पण 'चुकलो' हा शब्द त्याच्या तोंडून त्याच्या बायकोनं, नागव्वानंही कधी ऐकला नव्हता.

एकोणीसशे छत्तीस साली हिंदुराव या बड्या बागायतदारांनी आपल्या मोटारीत बसवायला मुंबईहून रेडिओ आणवला आणि काम सिद्धप्पाला दिलं. मग काय, महिनाभर गड्याचे पाय जमिनीला लागले नाहीत. गावात घरी रेडिओ असलेली माणसंच बोटांवर मोजण्याइतकी, आणि हा रेडिओ तर चालत्या गाडीत गात होता.

पुढे खंडेनवमी आली. हत्यारं-अवजारं पुजायचा दिवस, तेव्हा मोटारही पुजायची. आदल्या दिवशी सिद्धप्पानं हौसेनं गाडीच्या आतलं लोखंड घासलं, सुटणारे स्क्रू काढले, सगळ्याला काळाभोर रंग दिला आणि स्क्रू परत आवळले. पूजेला आलेली मंडळी बघतच राहिली. दसऱ्याच्या संध्याकाळी मात्र रेडिओ खरखरू लागला, आणि सोनं लुटायला निघालेल्या पाहुण्यांसमोर चाक खड्ड्यात गेलं तसा साफ बंद पडला.

सिद्धप्पानं फ्यूज पाहिला, शाबूत होता. बॅटरी भरलेली, डायनमो ठीक. एकेक वायर त्यानं बोटांनी चाचपली. दोन दिवस गेले तरी दोष सापडेना. शेवटी हिंदुरावांनी बंगल्यासमोर चारचौघांत विचारलं, "मिस्त्री, तुमालाच कळंना म्हंजे काय?"

सिद्धप्पाचे कान तापले. "माझं काम चोख हाय की, सरकार. मागनं कुणाचा तरी हात लागलाय," असं म्हणून त्यानं ड्रायव्हर धुळाकडे बघितलं. नाचता येईना अंगण वाकडं, म्हणतात. यानं तर अंगणात उभ्या माणसालाच वाकडं ठरवलं!

धुळा मेंढरं राखणाऱ्या घरातला. मोठ्या कष्टानं गाडी शिकला होता. मालक आत गेले की तो हळूच रेडिओ लावून ऐकतो, हे सिद्धप्पाला ठाऊक होतं. धुळानं लपवलं नाही. "बटन फिरवलं हुतं, सरकार," एवढंच म्हणाला. तेवढ्यावर त्याची नोकरी गेली.

तिसऱ्या संध्याकाळी सिद्धप्पानं सहज एका तारेचं एक टोक रेडिओच्या डब्याला आणि दुसरं गाडीच्या सांगाड्याला टेकवलं. रेडिओ बोलू लागला. मोटारीत वीज तारेनं येते, पण परत जाते ती गाडीच्या लोखंडातून. रेडिओची परतीची तार एका स्क्रूनं त्या लोखंडाला जोडलेली होती. त्यानं स्क्रू काढला. खाली त्यानंच दिलेला काळा रंग होता; स्क्रू घट्ट होता तोवर कसंबसं निभावलं, खड्ड्याच्या धक्क्यानं तेही सुटलं. रंगातून वीज जात नाही, हे तो हाताखाली येणाऱ्या प्रत्येकाला पहिल्याच दिवशी शिकवायचा.

काचकागदानं तो रंग घासायला पाच मिनिटंही लागली नाहीत. हिंदुरावांनी पाठ थोपटली. तेव्हाच बोलायला हवं होतं. तो बोलला नाही.

आठ दिवस त्याला जेवण गोड लागेना. लाज वाटत होती, आणि आपण गप्प आहोत याची आणखी लाज वाटत होती. नोकरी गेल्यावर धुळा पुन्हा मेंढरांमागे गेला होता; नवव्या दिवशी सिद्धप्पा होटगीपलीकडच्या माळावर त्याचा तळ शोधत गेला. धुळा धावतच पुढे आला. "मिस्त्री, रेडू झाला का बरा? माज्यापायी तुमाला लई तरास झाला बगा."

सिद्धप्पाला जमीन दुभंगेल तर बरं असं झालं. खाली बघत त्यानं सगळं सांगून टाकलं. धुळाच्या बायकोनं, मायाक्कानं, विचारलं, "हे सरकारांस्नी सांगितलं का तुमी?"

"अजून न्हाय."

"मग हितं मेंढरांत सांगून काय हुनार?"

सिद्धप्पा पाणीही न पिता उठला. बंगल्यावर पाहुणे बसले होते. त्यांच्यासमोरच तो म्हणाला, "सरकार, धुळाचा काई दोष न्हाय. मी चुकलो." मग रंगाचं सगळं सांगितलं. शिव्या खायची, कायमचं काम जायची तयारी ठेवूनच तो उभा होता.

हिंदुराव खळखळून हसले. "एवढंच व्हय? बघा मंडळी, असा खरं बोलनारा मिस्त्री शोधून मिळायचा न्हाय."

"आनि धुळा, सरकार?"

"त्याचं काय? नवा ड्रायव्हर ठेवला की आमी."

पाहुण्यांनी मान डोलावली. कुणीतरी सिद्धप्पापुढे चहाची कपबशी केली. धुळावर ठपका ठेवताना आपणही 'त्याचं काय?' असंच धरून चाललो होतो, हे सिद्धप्पाला कळलं. कपबशी हातात घेऊन तो तसाच उभा राहिला. सगळे त्याच्याकडे कौतुकानं बघत होते.