बोंग-रेताईंच्या हातचं डोकं

कोरियातल्या गुन्सान शहरात, आमच्या इमारतीत बोंग-रेताईंशी कुणाचंच पटत नाही, माझं तर मुळीच नाही. बाळंतिणीच्या घरी राहून आई आणि बाळाला सांभाळायचं, हा त्यांचा धंदा. बाळंतिणीला देतात ते समुद्रशेवाळाचं सार त्या फक्कड करतात, एवढं मान्य करते. पुढे काही मान्य करणार नाही.

त्यांचा खरा तोरा डोक्यांचा. आमच्याकडे पोर जन्मलं की नाकाआधी डोकं बघतात. मागून सपाट असलं तर आई आळशी, पुढून-मागून फुगीर असलं तर पोर नशीबवान. ताई आंघोळीनंतर बाळाचं डोकं तळव्यांत धरून गोंजारायच्या, दाबायच्या, कुशी बदलायच्या. मग रस्त्यात कुठलंही देखणं पोर दिसलं की, "हे माझ्या हातचं." मी इमारतीच्या तळमजल्यावर तोंडी लावायचे पदार्थ विकते. माझ्याच दुकानात, गिऱ्हाइकांसमोर त्या म्हणाल्या होत्या, की माझं डोकं मागून तव्यासारखं आहे, आईनं मला अंथरुणावर ठेवलं आणि विसरूनच गेली. तेव्हापासून मुळ्याच्या किमचीतले नरम पडलेले तुकडे मी ताईंसाठी वेगळे काढते.

तिसऱ्या मजल्यावरच्या गा-रमला मुलगा झाला आणि ताईंचे दिवस पालटले. काय ते डोकं! होडीसारखं लांब, कपाळ पुढे, मागचा भाग डौलदार. सासूबाई येईल-जाईल त्याला बाळ कुशीवर करून दाखवायच्या. ताई फोनमध्ये फोटो घेऊन फिरायच्या आणि नवी गिऱ्हाइकं पटवायच्या.

गा-रम बाळाला दोन महिन्यांच्या लशीला घेऊन गेली तेव्हा डॉक्टरीणबाईंनी बाळाच्या डोक्यावरून बोट फिरवलं आणि पुन्हा फिरवलं. मधोमध उंचवटा लागत होता. त्यांनी गा-रमला समजावलं, की बाळाची कवटी सलग नसते, हाडांच्या पाकळ्या असतात आणि मधल्या शिवणी उघड्या असतात. मेंदू वाढतो, शिवणींच्या कडेला नवं हाड धरतं, डोकं मोठं होतं. या बाळाची मधली, पुढून मागे जाणारी शिवण पोटात असतानाच मिटली असावी. म्हणून डोक्याला रुंदीला वाव नाही, ते लांबीला पळतंय. मेंदूवर दाब येऊ शकतो. सोलच्या मोठ्या इस्पितळात आत्ता नेलं, तर छोट्या छेदांतून काम होईल. हाड जाड झालं, की मोठी शस्त्रक्रिया.

गा-रम रडत घरी आली. ताईंनी तिला उडवून लावलं. डॉक्टरांना डोकं सरळ करायच्या महागड्या टोप्या विकायच्या असतात, चांगल्या डोक्यात खोट काढल्याशिवाय त्यांचं भागत नाही. सासूबाईंना हे पटलं. एवढं सुरेख डोकं कापायला देणार नाही, असं त्यांनी सुनेला बजावलं. नवरा जहाजावर. त्यानं आईचंच ऐक म्हणून कळवलं.

गा-रम दुकानात आली की मला सगळं सांगायची, उंचवटाही दाखवायची. एका दुपारी ती बाळाला पोटाशी बांधून उभी होती, शेजारी सासूबाई. तेवढ्यात ताई आल्या आणि परत डोक्याची आरती सुरू.

मी पालेभाजीला तिळाचं तेल चोळत विचारलं, "बोंग-रेताई, हे डोकं नक्की तुमच्याच हातचं ना?"

"मग काय तुझ्या हातचं? तुझ्या हाताला साधं मीठ धड कळत नाही."

"नाही, डॉक्टरीण म्हणते शिवण मिटलीय. डोकं तुम्ही घडवलंत, तर शिवणही तुम्हीच दाबून मिटवली असणार."

दाबून असं काही होत नाही, हे डॉक्टरीणबाईंनी गा-रमला सांगितलं होतं. गा-रमनं माझ्याकडे पाहिलं. मी भाजी चोळत राहिले.

सासूबाई ताईंकडे वळल्या. आवाज थंड होता. "तुम्ही रोज दाबत होता. मी पाहिलंय."

"हळूच दाबत होते."

"किती हळू? माझ्या नातवाचं हाड चिकटेपर्यंत?"

ताईंनी माझ्याकडे असं पाहिलं, की नजरेनं माणूस मरत असता तर भाजी अर्धवट चोळलेलीच राहिली असती. दुकानात आणखी दोघी बायका होत्या. त्यांतली एक पोटुशी होती, तिनं आपल्या बाळंतपणासाठी ताईंना आधीच ठरवलं होतं.

"मी काही केलेलं नाही," ताई म्हणाल्या.

"मग डोकं घडवलं कुणी?" मी विचारलं.

"कुणी नाही. जन्मलं तेव्हाच तसं होतं. कुणाचंच डोकं मी घडवलं नाही. नुसती आंघोळ घालते मी. झालं समाधान?"

पोटुशी बाई ताईंपासून जरा लांब सरकली. गा-रमनं बाळाचे पट्टे घट्ट केले आणि सासूबाईंना सांगितलं, की उद्याच्या पहिल्या बसनं ती सोलला निघतेय, त्यांना यायचं तर यावं. सासूबाईंनी होकारार्थी मान हलवली, पण सुनेकडे पाहिलं नाही.

सवयीनं ताईंचा हात बाळाच्या डोक्याकडे गेला. गा-रमनं पाठ फिरवली आणि जिना चढून गेली.

ताई माझ्या मुळ्याच्या किमचीतला एक तुकडा तोंडात टाकून म्हणाल्या, की आज खारट झालाय. खारट नव्हता. मी करकरीत तुकड्यांचा दुसरा डबा उघडून त्यांच्यापुढे सरकवला. त्यांनी तो परत माझ्याकडे ढकलला.