चार्जरवर खूश होणारा जावई

आमचे अण्णा पेपरातलं फक्त तंत्रज्ञानाचं पान मोठ्यानं वाचत. बाकीचा पेपर मनातल्या मनात.

अण्णा म्हणजे माझे वडील. चौसाळ्याच्या अलीकडे, हायवेला लागून आमचं गाव, आणि गावाच्या फाट्यावर एक चहाचं हॉटेल. डेअरीला दूध घालून झालं की अण्णा तिथं बसायचे आणि जमलेल्या मंडळींना पेपर वाचून दाखवायचे. पूर्वी ते सगळंच वाचत. पण आमच्या जिल्ह्यात राजकारणाची बातमी मोठ्यानं वाचली की माणूस कुणाचा ते ठरतं. एकदा कुठल्याशा पुढाऱ्याच्या भाषणावर अण्णांच्या तोंडून नुसतं "वा" निघालं, तर अर्ध्या गल्लीनं आमच्या घरी हळदीकुंकवाला येणं सोडलं. ते "वा" कौतुकाचं होतं की टोमण्याचं, हे आजवर कुणाला कळलेलं नाही, त्यामुळे उरलेली अर्धी गल्लीही रुसली. तेव्हापासून अण्णांनी आपलं सुरक्षित पान शोधून काढलं. "मंगळावर पानी सापडलं तर कुनाच्या भावना दुखत न्हाईत," असं ते म्हणत.

आणि त्या पानावर त्यांची जीभ सुटली. घरातलं दूध संपलं की फ्रिज स्वतःच मालकाला कळवणार, अशी बातमी आली. अण्णा म्हणाले, "हे काम आमची मंडळी फुकट करती. वरून दूध कशानं संपलं, त्याचीबी चौकशी लावती." झोप कशी लागली ते सांगणारं घड्याळ बाजारात आलं, तेव्हा म्हणाले, "आपल्याला काय करायचं? आपण किती घोरलो ते शेजारी सकाळी सांगतोच की." माणसं आता मशीनशी बोलून मन मोकळं करतात, या बातमीवर त्यांनी समाधानानं मान हलवली. "बरंच हाय. मशीन दुसऱ्या दिवशी फाट्यावर येऊन सांगत न्हाई." यानंतर हॉटेलवाल्यानं त्यांच्या चहात दोन दिवस आलं टाकलं नाही.

सगळ्यात गाजला तो टँकर. कृत्रिम बुद्धिमत्तेची मशिनं थंड ठेवायला भरमसाट पाणी लागतं, असं छापून आलं होतं. अण्णांनी चष्मा काढला. "म्हंजी प्रश्न इचारला की पानी जातं? मग बीडवाल्यांनो, तोंड गप ठिवा. आपल्या उत्तराला टँकर लागंल. आन् उत्तर येईल आठ दिवसांनी, तेबी अर्ध्या गल्लीला." हे बोलणं कुणी तरी ग्रुपवर टाकलं आणि ते जिल्हाभर फिरलं. मी बीडला कोचिंग क्लासमध्ये गणित शिकवते, तिथं माझ्याच एका विद्यार्थिनीनं मला ते नवीन म्हणून ऐकवलं. मी हसले नाही. घरी जेवताना मी ते इतक्या वेळा ऐकलं होतं की माझं हसून संपलं होतं.

त्याच वर्षी माझं लग्न जमवणं चाललं होतं, म्हणजे मी नाकारत होते आणि आई कपाळावर हात मारत होती. मग केजचं स्थळ आलं. मुलगा पुण्यात कंप्युटर इंजिनिअर. वडील तो शाळेत असतानाच वारलेले. आईची केजच्या बाजारात पिठाची गिरणी, तिच्यावरच त्यांनी मुलाला शिकवलेलं. पाहण्याचा कार्यक्रम झाला, दोन्हीकडच्यांना पसंत पडलं, सुपारी फुटायची तेवढी राहिली आणि आम्हाला फोनवर बोलायची परवानगी मिळाली. पहिल्याच फोनला त्यानं विचारलं, "टँकरवाले ते तुमचेच वडील ना?" मी हो म्हणाले. तो म्हणाला, "मग प्रश्न जपून विचारतो. पाणी जाईल." त्या बाबतीत माझं हसून संपलं होतं असं आत्ताच म्हणाले, ते खोटं ठरलं. मला तो आवडला. आईला सांगितलं नव्हतं, पण आवडला, आणि फार आवडला.

आणि मग अण्णांनी माती खाल्ली.

पेपरात मोठी बातमी होती. कृत्रिम बुद्धिमत्तेमुळे इंजिनिअरांच्या नोकऱ्या जाणार. हॉटेलवाल्यानं मुद्दाम टोकलं, "अण्णा, तुमचा व्हनारा जावई तर इंजिनिअर हाय. मग कसं आता?" समोर एवढी माणसं चहा घेत बसलेली असताना गप्प राहणं अण्णांना जन्मात जमलेलं नाही. ते म्हणाले, "मग मशीनच जावई करतो की. मानपान मागत न्हाई, रुसत न्हाई, आन् दिवाळसणाला चार्जर दिला की खूश!"

हॉटेलवाल्यानं फोन धरलेलाच होता. सकाळी ते त्याच्या स्टेटसला लागलं, दुपारी चौसाळ्यात पोचलं आणि संध्याकाळपर्यंत केजला. एवढ्या वेगानं आमच्याकडं एसटीसुद्धा जात नाही.

मध्यस्थ माझे मामाच होते. दोन दिवसांनी त्यांचा फोन आला. "केजवाल्या ताई म्हणत्यात, जरा थांबू." लग्नाच्या बोलण्यात "जरा थांबू" म्हणजे काय, ते आमच्याकडं लहान पोरालाही कळतं. मुलाचा फोनही बंद झाला. मी अण्णांशी बोलायचं सोडलं. भाजी काय करू, असं आईनं विचारलं तर मी त्यांच्या देखत म्हणाले, "अण्णांच्या मशीनला विचार." मला खूप राग आला होता, आणि रागापेक्षा जास्त भीती वाटत होती की हे स्थळ गेलं.

अण्णांनी आपल्या परीनं दुरुस्ती करायची ठरवली. एका सकाळी त्यांनी इस्त्रीचा शर्ट घातला, टोपी नीट केली आणि हॉटेलवाल्याला स्वतःहून म्हणाले, "घे, रेकॉर्ड कर." मग हात जोडून, एकेक शब्द तोलून ते बोलले, "इंजिनिअर हा देशाचा आधार हाय. असा जावई मिळाला तर मी माझं भाग्य समजीन." एवढंच. एकही टोमणा नाही.

गाव पोट धरून हसलं. रडेपर्यंत हसणारे पिवळे चेहरे ग्रुपवर रांगेनं आले. "अण्णांनी ह्या बारीला तोंड कसं सरळ ठिवलं बघा!" अशी दाद मिळाली. कुणी तरी त्याला मागून ढोलकी लावली. आयुष्यात पहिल्यांदा अण्णा मनापासून बोलले होते आणि त्यांचा तोच विनोद सगळ्यात जास्त चालला.

ते घरी येऊन बाजेवर बसले. टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. "लई वाईट सवय लागली गं मला," ते म्हणाले. "खरं बोललो तरी लोक हसाय लागले." माझा राग तिथंच अर्धा उतरला. उद्या केजला जाऊन माफी मागतो, असं ते म्हणाले, तेव्हा मी म्हणाले, मीही येते. आई हबकलीच. "आगं, पोरीनं आपल्या पायानं तिकडं जायचं? लोक काय म्हनतील?" मी म्हणाले, "लोकांना जे म्हणायचं ते त्यांनी ढोलकी लावून म्हटलंय." खरं कारण वेगळं होतं. अण्णांना एकटं सोडलं तर तिथंही ते काही तरी बोलून येतील, याची मला खात्री होती.

मांजरसुंब्याला गाडी बदलली. तिथं अण्णांनी डबाभर रबडी घेतली आणि त्या डब्यावर हात ठेवून मला वचन दिलं की तोंडातून एकही चेष्टा निघणार नाही. केजपर्यंत ते इतके गप्प बसले की कंडक्टरनं विचारलं, "आजोबांना गाडी लागती का?"

गिरणी चालू होती. काकू, म्हणजे मुलाची आई, पट्ट्याजवळ उभ्या होत्या, आणि डब्यात पीठ भरून देत होता तो स्वतः मुलगा. भुवयांपर्यंत पांढरा झालेला. आठवड्याच्या मधल्या दिवशी हा पुण्याऐवजी इथं कसा, असं माझ्या मनात आलं, पण तेवढ्यात अण्णांनी हात जोडले.

"ताई, चुकलं माझं. तुमच्या पोराची टिंगल नव्हती करायची मला."

काकूंनी आधी गिरणी बंद केली. आवाज थांबल्यावर सगळेच एकदम उघडे पडल्यासारखे झालो. "दादा, आवं, मी लई हासले त्याला," त्या म्हणाल्या. "मशीनच्या जीवावरच घर चाललंय आमचं. मशीनच्या चेष्टेचा मला कशापायी राग यावा? थांबू म्हनले ते त्याच्यासाठी न्हाई." त्यांनी मुलाकडं पाहिलं. "ह्याची नोकरी गेली. तुमी वाचलं तेच झालं. पोरीच्या बापाला हे कोन्या तोंडानं सांगावं, ते कळंना मला."

तो माझ्याकडं बघून म्हणाला, "फोन केला असता तर सांगावं लागलं असतं. नाही तर खोटं बोलावं लागलं असतं. दोन्ही जमेना."

कुणाच्याच भावना न दुखवणारं पान म्हणून अण्णांनी जे निवडलं होतं, ते या घरात येऊन बसलं होतं. ते त्यांनाही कळलं. त्यांचा चेहरा मला बघवेना. पण त्याहून मोठी धास्ती वेगळी होती. नोकरी नसलेला मुलगा म्हटल्यावर आमच्याकडचा कुठलाही बाप रबडीचा डबा खाली ठेवतो, पाणी पितो आणि येतो म्हणतो. अण्णांनी तोंड उघडलं. मी मान हलवून नको, नको म्हणत होते.

"मला बोलू दे," ते म्हणाले. "ताई, मशीन रुसत न्हाई, असं म्हनलो व्हतो मी. पर मला रुसनारा जावई पायजे. नोकरी काय, गेली तशी येईल. दिवाळीला तोंड फिरवून बसंल आन् मी त्याची समजूत काढीन, असं मानूस घरात पायजे. माझ्याकडून होय. पोरीचं पोरीला इचारा."

या वेळी कुणीच हसलं नाही. अण्णांनी घाबरून माझ्याकडं पाहिलं, आपलं पुन्हा काही चुकलं का म्हणून.

मी काकूंना म्हणाले, "मला गिरणी चालवता येत नाही. पण शिकेन."

"गिरणी राहू दे," काकू म्हणाल्या. "आधी रबडी वाढ सगळ्यांना." त्यांनी पदरानं डोळे पुसले आणि होतं नव्हतं ते पीठ तोंडाला फासून घेतलं. मुलगा हसायला लागला, मग मीही. अण्णा तेवढे वचन पाळून गंभीर बसले होते.

लग्न झालं. काही महिन्यांनी त्याला दुसरी नोकरी मिळाली. ज्या मशीननं पहिली घालवली, तिच्याकडूनच काम करून घ्यायची. अण्णा अजून फाट्यावर वाचतात, पण नोकऱ्यांची बातमी आली की पान उलटतात. "हे कुनाच्या तरी घरचं हाय," म्हणतात.

पहिल्या दिवाळसणाला अण्णांनी जावयाच्या हातात सोनेरी कागदात गुंडाळलेला खोका ठेवला. आत चार्जर. नवऱ्यानं तो उलटसुलट करून पाहिला, याची पिन माझ्या फोनला बसत नाही म्हणाला आणि भिंतीकडं तोंड करून बाजेवर आडवा झाला. अण्णा आनंदानं धावलेच. चकली आणली, करंजी आणली, "आवो जावईबापू, इकडं बघा की" म्हणत उशाशी जाऊन बसले. ताटं वाढून कधीची थंड होत होती. शेवटी आई दारातून ओरडली, "आता पुरे करा, जेवायला उठा!"

"थांब गं," अण्णा म्हणाले, "अजून रुसलेत ते." आणि पुन्हा समजूत काढू लागले.