भिंतीवरची वाकळ

माझी आई नंदाबाई वाकळ शिवाया बसली की कुणाचं ऐकत न्हाई. पाव्हणा दारात उभा राहू दे, सुईतला दोरा संपल्याबिगर ती उठायची न्हाई. शहागडजवळच्या आमच्या गावात निम्म्या घरांतली अंथरुणं तिच्या हातची हायेत. जुन्या लुगड्यांचे थर, वरून ठिगळं, आन् कडेपासून गोल गोल मधी येणारा तांदळाएवढा टाका. एखादा वाकडा गेला की आख्खी ओळ उसवायची, आन् त्या वक्ताला घरात कुणी तिच्यासमोर जायचं न्हाई. मी तिच्यावरच गेलोय, असं दैवशाला, माझी बायको, म्हणती. म्हणू द्या.

बापाला थंडी लय बाधायची. भर उन्हाळ्यात पहाटं पायावर पांघरूण लागायचं. त्याच्यासाठी आईनं सहा थरांची वाकळ केल्ती. दोन वर्षं लागली. मधोमध त्याच्याच जुन्या बंडीचा खिसा लावला व्हता, खराखुरा, हात जाईल असा. रात्रीला तंबाखूची पुडी हरवती म्हणून. गाव त्या खिशाला हसायचं. बाप म्हणायचा, ह्या बाईनं माझी बराबर नाडी धरली.

तीन वर्षांमागं बाप गेला. आमच्यात मेल्या माणसाचं पांघरूण घरात ठेवत न्हाईत, नदीवर नेतात. आईनं ती वाकळ धुतली, वाळवली, घडी घालून माझ्या हातात दिली.

"भागवत, काठावर टाकून येऊ नको. पाण्यात सोड. ह्यांच्यापत्तूर पोचली पाह्यजे. ह्यांना थंडी सोसत न्हाई."

परत आलो तर दारातच विचारलं, "बुडाली का वाहून गेली?"

"वाहून गेली," मी म्हणलो. त्या दिवशी ती कितीतरी दिवसांनी पोटभर जेवली.

मंग मी तिला अंबडला आणलं. तिथं माझं पाण्याच्या जळालेल्या मोटारींत तार भरायचं दुकान हाय. दोन महिन्यांमागं जालन्याला कॉलेजात शिकणारी माझी पोरगी आकांक्षा चार पास घेऊन आली. तिथल्या एका मंगल कार्यालयात उजेडाच्या चित्रांचं प्रदर्शन लागलं व्हतं. म्हणं चित्र टांगलेलं नसतं, आपणच चित्राच्या आत जायचं. मी म्हणलो, असला खर्चा कशाला? ती म्हणली, पप्पा, पास फुकट हायेत, गप चला. गेलो एसटीनं चौघं.

आत अंधार. चपला बाहेर काढाया लावल्या न्हाईत म्हणून आईची कुरकुर चालू. तेवढ्यात चारी भिंतींवर आन् पायाखाली पाणीच पाणी आलं. आईनं लुगडं वर धरलं.

"आजी, खोटं हाय ते," आकांक्षा म्हणली.

"पाणी खोटं आसंल. लुगडं माझं खरं हाय."

आजूबाजूची माणसं हसली. मीबी हसलो.

पाणी गेलं आन् वाकळा आल्या. एकीमागं एक, छतापासून पार पायाखालच्या फरशीवर पसरलेल्या, टाका न् टाका बोटाएवढा मोठा. आई खूश. एकीला म्हणली, आळशी बाईचा हात हाय. दुसरीला म्हणली, हिला जमलंय. मंग चौथी आली का पाचवी, आन् मी दाराकडं बघाया लागलो.

मधोमध खिसा व्हता. दरवाजाएवढा.

आता लपवून काय करू? मी ती वाकळ नदीत सोडलीच नव्हती. पुलाअलीकडं हॉटेलात चहाला थांबलो व्हतो. जुन्या वाकळा गोळा करत हिंडणारी शहरातली एक बाई गाडीवरची घडी बघून जवळ आली. उघडून बघितली आन् तिचे डोळे भरून आले. असलं काम पाण्यात घालता व्हय, म्हणली. मलाबी वाटलं, आईची दोन वर्षांची मेहनत गाळात कुजणार. देऊन टाकली. एक रुपया घेतला न्हाई. पण मेल्या माणसाची हाय हे सांगितलं न्हाई, आन् शिवणारीचं नावबी दाबलं. नावामागं नाव लागत गोष्ट आईपत्तूर येईल, असं भ्याव वाटलं. इतका मी शहाणा.

भिंतीवर अक्षरं आली. आकांक्षानं मोठ्यानं वाचली, "गोधडी. शहागड परिसर. शिवणारी अज्ञात."

"चला, बस चुकंल," मी म्हणलो. आई जागची हलली न्हाई. लोक माझ्या बापाच्या पांघरुणावर चपला घालून फिरून राह्यले व्हते. एक पोरगी आडवी पडून फोटो काढून घेत व्हती. आई भिंतीपाशी गेली. खिशावर हात ठेवला. तिच्या हाताच्या पाठीवर टाके उमटले. तिनं बोटं आत घालून बघितली, तर नुसती भिंत.

दैवशाला माझ्याकडं बघत व्हती. तिला तोंडावरूनच कळलं असणार. आई वळली. ओरडली असती तर बरं झालं असतं, तिचं ओरडणं मला पाठ हाय. हळूच म्हणली, "म्हंजी तीन वर्षं ते उघडेच हायेत व्हय रे?"

एसटीत बसल्यावर कसंबसं म्हणलो, "आई, इतकं चांगलं काम नासलं असतं."

"काम मी कुणासाठी केल्तं?" ती म्हणली. मला माझीच लाज वाटली, आन् लाज वाटती म्हणून रागबी आला.

दुसऱ्या दिवशी तिनं पेटी उघडली. जुनी लुगडी पुरंनात, तर दिवाळीच्या नव्या लुगड्याला कात्री लावली. डोळ्याला कमी दिसतं, म्हणून सुई आकांक्षा नाहीतर दैवशाला ओवून द्यायची. मी ओवाया गेलो तर सुई माझ्या हातातून काढून घेतली. दोन वर्षांचं काम तिनं दोन महिन्यांत केलं. बोटं सुजली, तरी थांबली न्हाई.

काल शेवटचा टाका पडला. आज सकाळी वाकळ पिशवीत घालून ती शहागडच्या बसला निघाली. मी गाडी काढली, म्हणलो, "आई, बस मागं, मी नेऊन सोडतो नदीत."

"तू नको," ती म्हणली. "तुझ्या हातचं पोचत न्हाई."